ओवी क्रमांक एक्केचाळीस

आमच्या घराण्यात जपून ठेवण्याचा रोग आहे. मधुमेहासारखा तो बापाकडून मुलाकडे येतो. पथ्याने आटोक्यात राहतो, बरा मात्र होत नाही. माझे वडील आलेल्या लग्नपत्रिका जपून ठेवत आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर घरचा हिशेब लिहीत. त्यामुळे आमचा १९६८ सालचा दिवाळीचा किराणा कुणातरी चि. सौ. कां.च्या शुभविवाहाच्या पाठीवर आहे. ते लग्न पुढे मोडलं. किराणा टिकला.

माझ्याकडे तीन चार्जर आहेत. ज्या फोनांचे ते आहेत ते फोन कधीच गेले. शिवाय एक बंद टॉर्च, सहा किल्ल्या (कुलपं नाहीत) आणि दोन कुलपं (किल्ल्या नाहीत). बायकोला म्हटलं, "असू दे, कधीतरी उपयोगी पडेल." ती म्हणाली, "त्याच आशेवर मी तुम्हालाही ठेवलंय."

असला माणूस कुठे शोभेल हे नियतीने अचूक ओळखलं आणि मला एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन बसवलं. बत्तीस वर्षं मी तिथे होतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, रेकॉर्ड रूम म्हणजे कागद ठेवायची जागा. साफ चूक. ती कागद टाकून द्यायचीही जागा आहे. फक्त नियमाने टाकायची. कागदांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायमचा. 'ब' तीस वर्षांचा. 'क' दहा, 'क-१' पाच आणि बिचारा 'ड' एका वर्षाचा धनी. मुदत संपली की कागद नष्ट. पण त्याचा यादीतला नंबर नष्ट होत नाही. नंबर तसाच राहतो आणि पुढे शेरा पडतो : 'नष्ट', खाली तारीख. म्हणजे सरकार विसरतं, पण आपण काय विसरलो याची नोंद ठेवतं. इतका नेकीचा विसराळूपणा मी माणसांत पाहिलेला नाही.

बत्तीस वर्षांनी मला सगळं जगच अ-ब-क-ड दिसायला लागलं. साहेबाचं कौतुक : 'ड'. साहेबाचा राग : 'क'. बायकोच्या माहेरच्यांबद्दल मी १९८४ साली केलेला विनोद : 'अ'.

आता आमच्या पुतणीकडे येतो. तिला घरी अजून छकुली म्हणतात. वय बत्तीस. ती काय करते हा आमच्या घराण्यातला एक अवघड प्रश्न आहे. तिच्या कार्डावर जे छापलंय त्याचं मराठी केलं तर 'कला व मानव्यविद्या यांसाठी डिजिटल माध्यमांचं आरेखन आणि संशोधन' असं होतं. लग्नकार्यात हे कुणाला सांगण्याची सोय नाही.

"छकुली काय करते?"

"कॉम्प्युटरमध्ये आहे."

"म्हणजे कोडिंग?"

"थोडं. मुख्यतः ओव्या, पोथ्या, जुनी पत्रं."

समोरचा माणूस सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "होईल, होईल. लागेल नोकरी."

मीही एकदा तिला विचारलं, "बाई गं, ओव्यांना कॉम्प्युटर कशाला?" तेव्हा तिने मला फादर रॉबेर्तो बुसा नावाच्या इटालियन पाद्रीबुवांची गोष्ट सांगितली. संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांत 'मध्ये' या अर्थाचा एक चिमुकला शब्द कुठे कुठे येतो, हे या बुवांना बघायचं होतं. त्यांनी हाताने दहा हजार कार्डं लिहिली. मग १९४९ साली ते अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसनसाहेबांकडे गेले आणि हे काम यंत्रावर करून द्या म्हणाले. तीस-एक वर्षांत एक कोटीहून जास्त शब्दांची सूची झाली आणि ती ५६ खंडांत छापली गेली. छकुलीच्या धंद्याचे हे मूळपुरुष.

मला बुवा एकदम आवडले. एका 'मध्ये'साठी तीस वर्षं! आमच्या कचेरीत टिकले असते.

"पण काका, पुढचं ऐका," छकुली म्हणाली. "ते शब्द कार्डांवर टोचायचं काम गावातल्या तरुण मुली करायच्या. ५६ खंडांत प्रत्येक 'मध्ये' कुठल्या ओळीत आहे ते सापडतं. त्या मुलींची नावं मात्र कित्येक वर्षं कुठेच नव्हती. परवापरवा ज्युलियान नायहन नावाच्या संशोधिकेने त्यातल्या काहीजणींना शोधून बोलतं केलं."

मी म्हटलं, "त्यात काय, आमच्या कचेरीतही टिप्पणी लिहायचा एक आणि सही करायचा दुसराच." पण ती गोष्ट डोक्यात कुठेतरी राहिली. 'क' वर्गात असावी.

मग छकुलीने जात्यावरच्या ओव्यांचं काढलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८०च्या दशकात पुण्यातून हे काम सुरू केलं. हजारावर खेड्यांतून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आधी कागदावर उतरवून, मग फितीवर. बर्नार्ड बेल यांनी त्यांना संगणकाची सोय करून दिली. २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आवाजासकट, भाषांतरासकट ऐकायला मिळतात. पहाटे अंधारात, दळण सरावं म्हणून आणि मन हलकं व्हावं म्हणून, पुरुष झोपलेले असताना बायकांनी जे म्हटलं ते आता भरदिवसा कुणालाही ऐकू येतं. पिठाच्या गिरणीने जातं बंद पाडलं. ओव्या निदान वाचल्या.

"आणि काका," छकुली म्हणाली, "आपल्या आत्याआजीला येतात ना ओव्या?"

आत्याआजी म्हणजे माझी आत्या. वय तेव्हा एक्क्याण्णव. सातारकडच्या एका खेड्यात ती राहत असे. सहा मुलं, दोन दुष्काळ आणि एक तापट नवरा तिने ओव्यांच्या जोरावर निभावून नेला होता. आम्ही एका रविवारी जाऊन थडकलो. छकुलीने ओसरीवर सामान मांडलं. त्यातल्या मायक्रोफोनला वारा लागू नये म्हणून करड्या केसांची टोपी घातलेली होती. आत्याने ती बघितली आणि पाय वर घेतले.

"आगं, घूस घिऊन आलीस व्हय?"

"मायक आहे आत्याआजी. यात तुझा आवाज जातो."

"केस कशापायी मग? हजामत कर की त्याची."

मग संमतीपत्र निघालं. हल्ली विचारल्याशिवाय कुणाचा आवाज घ्यायचा नसतो. माझ्या दृष्टीने ही फार मोठी प्रगती आहे, कारण आमच्या वेळी विचारल्याशिवाय लग्नंसुद्धा ठरत. छकुलीने सगळं मराठीत समजावून सांगितलं : हे ओव्यांसाठी आहे, जगात कुणीही ऐकेल, नको वाटलं तर कधीही काढून टाक म्हणायचं, आम्ही काढू. आत्याने शाईची डबी बघितली, अंगठा बघितला आणि म्हणाली, "मागं एकडाव लावला व्हता आसाच."

सगळे हसले. मी जरा उशिरा हसलो.

ओव्या सुरू झाल्या. सकाळी दहा ते दुपारी एक. आमची आत्या फोनवर बोलताना धापा टाकायची. पण ओवी म्हणताना तिला श्वासच लागत नव्हता, जणू तो कुणी दुसराच घेत होता. प्रत्येक ओवी झाली की छकुली लॅपटॉपवर एक फॉर्म भरायची. क्रमांक, गायिका, गाव, आणि 'विषय'. विषयासाठी एक यादी उघडायची : भाऊ, माहेर, सासर, विठ्ठल, शेती, सीता, वगैरे. यादीतला एक निवडायचा. ही यादी तिने सहा महिने बसून तयार केली होती. "आरेखन म्हणजे रंगरंगोटी नव्हे काका," ती मला सांगायची, "पुढे कुणी शोधायला आलं तर त्याला काय सापडेल आणि काय सापडणार नाही, ते या यादीत ठरतं."

आणि आत्याच्या ओव्या यादीला दाद देईनात. एका ओवीत ती पंढरीला निघाली, वाटेत तिला भावाचे बैल दिसले, त्यावरून आईचा ओटा आठवला आणि शेवटी सासूला एक टोमणा बसला. सगळं दोन ओळींत. छकुलीचं बोट यादीवर वरखाली फिरत राहिलं. शेवटी तिने विचारलं, "आत्याआजी, या ओवीचा विषय काय घालू?"

"माजाच की गं. आनि कुनाचा?"

छकुली बराच वेळ गप्प होती. सहा महिन्यांच्या यादीत तो विषय नव्हता.

चाळीस ओव्या झाल्यावर चहा आला. यंत्र चालूच होतं. आत्या सुपात तांदूळ निवडत बसली आणि निवडता निवडता, कुणाकडे न बघता, अर्ध्या आवाजात तिने आणखी एक ओवी म्हटली. दोनच ओळी. मग सुपातला खडा काढून अंगणात टाकला आणि मान वर केली.

"ही गेली का त्यात?"

"गेली. एक्केचाळिसावी."

"काढ. ही न्हाय द्यायची."

"का गं आत्याआजी? फार सुंदर आहे."

"त्या जात्यावरच्या हायत. ही घरातली हाय."

छकुलीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पूस." माझ्या आयुष्यात मी इतक्या तातडीने कुठलाही निर्णय घेतलेला नाही. बत्तीस वर्षांत एकही फाईल मी त्याच दिवशी पुढे सरकवली नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडीत तत्त्वचिंतन झालं. म्हणजे भांडण झालं. छकुलीचं म्हणणं असं : बाकीच्या चाळीस ओव्या सुंदर आहेत, पण त्यांच्या बहिणी-चुलतबहिणी इतर गावांतही सापडतात, कारण ओवी एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर जाते. एक्केचाळिसावी मात्र आत्याची स्वतःची आहे. ती दुसऱ्या कुठल्याही गावात सापडणार नाही. ज्ञानाच्या दृष्टीने चाळीस एका पारड्यात आणि ही एक दुसऱ्या. शिवाय पुसणं म्हणजे काय? आजवर बायकांचं पुसलंच गेलंय. आता जपायचं यंत्र हातात आल्यावर आपणही पुसायचंच का?

माझं म्हणणं असं : ती नको म्हणाली. विषय संपला. तिच्या वस्तूवर तिचा हक्क.

"पण ती नको का म्हणाली काका? स्वतःसाठी की दुसऱ्या कुणासाठी?"

मी म्हटलं, "समोर बघ. ट्रक आहे."

ट्रक खूप लांब होता.

घरी आल्यावर छकुलीने तिसरा मार्ग काढला. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक नावाचं गाव आहे. तिथे वारुमुंगू हे मूळ रहिवासी राहतात. त्यांचे फोटो, त्यांच्या कथा वर्षानुवर्षं परक्यांनी नेऊन कुठे कुठे ठेवलेल्या. त्या परत येऊ लागल्यावर प्रश्न पडला की सगळ्यांनी सगळं बघायचं का? त्यांच्यात काही गोष्टी फक्त बायकांनी बघायच्या, काही फक्त पुरुषांनी, काही त्या घरच्यांनीच. आणि मेलेल्या माणसाचा फोटो सरसकट समोर आणायचा नाही. किंबर्ली क्रिस्टन या बाईंनी आणि त्या लोकांनी मिळून २००७ साली एक संग्रह केला. कोण बघतंय हे आधी विचारणारा आणि त्याप्रमाणे दार उघडणारा. त्याचं नाव 'मुकुर्तू'. म्हणजे विणलेली थैली. जपायच्या वस्तू ती ठेवायची, आणि आतली वस्तू बघायची तर थैली सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारायचं.

मला हे फारच पटलं. कारण आपल्याकडेही आठवणी अशाच ठेवलेल्या असायच्या. आजीला सगळं ठाऊक असे. पण कुणाला काय सांगायचं, कुणापुढे गप्प बसायचं, कुठल्या सुनेला किती वर्षांनी कुठलं गुपित द्यायचं, हेही तिला ठाऊक असे. माणसाच्या आठवणीला रीतभात असते. यंत्राची आठवण चांगली, पण ते बिचारं विनासंस्कार. विचारेल त्याला सांगतं. तेव्हा यंत्राला रीतभात शिकवणं हेच छकुलीच्या धंद्यातलं खरं काम असावं. ते लग्नकार्यात सांगायलाही सोपं आहे : "ती कॉम्प्युटरला वळण लावते."

तर आत्याची ओवी पुसायची नाही, कुलूप लावून ठेवायची, असं ठरलं. मी लगेच सुचवलं, "तीस वर्षं. 'ब' वर्ग." पण विचारल्याशिवाय कसं करायचं? छकुलीने दुसऱ्या दिवशी आत्याला फोन लावला.

"आत्याआजी, ती ओवी पुसत नाही, कुलूप लावून ठेवते. चालेल?"

"किल्ली कुनाकडं ऱ्हाईल?"

"माझ्याकडे."

"आनि तुज्या मागनं?"

छकुलीला उत्तर देता आलं नाही. ती खोटं बोलू शकली असती. 'आत्याआजी, सगळं पक्कं असतं' असं म्हणाली असती तर एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला काय कळणार होतं? पण तिला तिच्या धंद्यातली एक गोष्ट माहीत होती. ती तिने मला नंतर सांगितली आणि ती ऐकून मी दोन दिवस खुशीत होतो.

इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली देशभरच्या जमिनींची पाहणी करवली : कुणाकडे किती, कुणाची होती, किती सारा निघेल. त्याचं नाव 'डूम्सडे बुक'. म्हणजे इंग्लंडचा सातबाराच म्हणा. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवं डूम्सडे काढलं. शाळेतली पोरं, शिक्षक, गावकरी, दहा लाखांहून जास्त माणसांनी आपापल्या गावची माहिती आणि फोटो पाठवले. ते सगळं ताटाएवढ्या लेसर तबकड्यांवर भरलं. पण त्या तबकड्या वाचणारी यंत्रं महाग होती. थोडी विकली गेली आणि मग बंदच पडली. पंधरा-सोळा वर्षांत अशी पाळी आली की मेंढराच्या कातड्यावरचं ९०० वर्षांपूर्वीचं अक्षर वाचता येत होतं आणि १९८६ सालच्या पोरांनी लिहिलेलं वाचणं मुश्किल झालं होतं. २००२च्या सुमाराला लीड्स आणि मिशिगनच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल नव्या यंत्रात करून ते वाचवलं.

कातडं जिंकलं, तबकडी हरली. आम्हा रेकॉर्ड रूमवाल्यांना असले विजय वरचेवर मिळत नाहीत.

पण आत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. किंवा होतं म्हणूनच छकुली गप्प बसली. किल्ली सांभाळणारा माणूस जातो, कुलूप बदलतं, संस्था बंद होते, कुणीतरी नवा येतो आणि म्हणतो, 'ही कसली जुनी कुलपं, उघडा सगळी.' आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिने आयुष्यभर कोठीच्या किल्ल्या या सुनेकडून त्या सुनेकडे जाताना पाहिल्या होत्या, एवढंच.

शेवटी छकुलीने ओवी पुसली. हे वाटलं तितकं सोपं नव्हतं. जपण्याचा त्यांचा नियम असा की प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. त्यामुळे पुसतानाही तीन ठिकाणी पुसावं लागलं आणि तिन्ही वेळा यंत्राने विचारलं, 'नक्की?' तिसऱ्या वेळी छकुलीचे डोळे भरून आले होते. मग ती व्यवहारावर आली.

"आता क्रमांकांचं काय करू काका? चाळीसनंतर एकदम बेचाळीस येतो. बेचाळिसाला एक्केचाळीस करू का?"

माझ्या बत्तीस वर्षांच्या सेवेचं सार्थक त्या क्षणी झालं. मी म्हटलं, "बाई, नंबर कधी भरून काढायचा नसतो. नंबर ठेव. पुढे शेरा मार."

ते तिला इतकं आवडलं की तिने सगळ्या संग्रहासाठी तोच नियम केला. तिथे आज जाऊन बघा. 'ओवी क्रमांक ४१ : गायिकेच्या इच्छेवरून ठेवलेली नाही.' बाईला बोलायचं होतं आणि बाईने न बोलायचं ठरवलं, दोन्हींची नोंद आहे. देशोदेशीच्या विद्वानांसमोर ती ही युक्ती सांगते आणि म्हणते, ही माझ्या काकांची. घरात मात्र अजून माझी एकही युक्ती कुणी घेतलेली नाही.

इथे हा लेख संपायला हरकत नव्हती. पण त्या रात्री छकुलीने जाता जाता विचारलं, "काका, तुम्ही 'पूस' इतक्या लगेच का म्हणालात? तिच्यासाठी की आजोबांसाठी?"

आजोबा म्हणजे तिचे आजोबा, माझे वडील. लग्नपत्रिकेवर हिशेब लिहिणारे.

आता सांगून टाकतो. ओवी सांगत नाही, ती आत्याची आहे. कागदाबद्दल सांगतो. कागद सरकारी आहे, नक्कल मागितली तर कुणालाही मिळेल. आमचे आजोबा १९७१ साली गेले. पुढच्या वर्षी आत्याने भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. ओढ्याकाठचं वावर, तिचा वाटा तीस गुंठे. अशी हजारो हक्कसोडपत्रं मी नोकरीत हाताळली आहेत. मजकूर ठरलेला : 'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना.' खाली डाव्या हाताचा अंगठा. बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटतं, ही साधी गोष्ट त्या मजकुरात कुठे बसत नाही. वडील वाईट नव्हते. दरवर्षी दिवाळीला आत्याला लुगडं जात असे. तो खर्च लग्नपत्रिकांच्या पाठीवर बिनचूक मांडलेला आहे. त्या वावराच्या उसावर मी शिकलो, नोकरीला लागलो आणि त्याच जातीचे कागद रुमालात बांधून फळीवर ठेवत बसलो.

नोंदवलेला दस्त कायमचा असतो. 'अ' वर्ग. म्हणजे आत्याचा अंगठा सरकार जपणार, जोवर सरकार आहे तोवर. आणि त्या अंगठ्याबद्दल तिला जे वाटलं, ते दोन ओळींचं, आम्ही तीन ठिकाणांहून पुसून टाकलं. तिच्याच सांगण्यावरून! तेव्हा तिच्या इच्छेचा मान राखला म्हणून मी मिरवावं, की माझ्या बापाचं नाव आयतं वाचलं म्हणून गप्प बसावं? दोन्ही कारणांचा निर्णय एकच निघाला, यात माझं काही पुण्य नाही. हक्क तिचा होता हे खरंच. पण ज्या माणसाचा फायदा होतो त्याने दुसऱ्याच्या हक्काबद्दल इतक्या तत्परतेने बोलू नये, एवढं मला कळायला हवं होतं.

आत्या गेल्या मार्गशीर्षात गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता, म्हणजे तिच्या नेहमीच्या पद्धतीने. आता ती ओवी या जगात दोनच ठिकाणी आहे. एक छकुलीच्या डोक्यात. पण तिने शपथेसारखं ठरवलंय की आठवायचीच नाही. आणि दुसरी माझ्या. मला ती लख्ख आठवते. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण ती दोन ओळींत आठवते. अलीकडे फक्त दुसऱ्या ओळीतला एक शब्द डळमळायला लागलाय. 'भरल्या' होता की 'सरल्या'? एका अक्षराने सगळा अर्थ फिरतो. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोठा की त्याने म्हटलेला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. छकुलीसुद्धा आता माझ्याशी भांडत नाही, म्हणजे तिलाही ठरवता येत नसावं.

मोबाईलवर हल्ली सातबारा बघता येतो. एका रात्री मी ओढ्याकाठच्या वावराचा काढला. माझं नाव, धाकट्या भावाचं नाव. सगळं कसं स्वच्छ, सुवाच्य. तेही कुणीतरी आरेखन केलेलं असणार. आत्याच्या नावासाठी तिथे जागा नाही, आणि नंबर ठेवून शेरा मारायची पद्धतही नाही.

मग मी आत्याच्या मोठ्या मुलाला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईच्या वाट्याचं काहीतरी करावं म्हणतोय. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, आत्ता कशापायी? आई काय बोलली व्हती का तुमच्यापाशी?"

"नाही," मी म्हटलं. "बोलली काहीच नाही."

हे खरं होतं. ती बोलली नव्हती. तिने तांदूळ निवडता निवडता ओवी म्हटली होती.

धाकटा भाऊ म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" बायको म्हणाली, "मी तर दिवाळीच्या लुगड्यापासून म्हणतेय." तलाठी, म्हणजे हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, तो मुलगा भला निघाला. म्हणाला, "काका, होईल, पण कागद बरेच लागतील. लिहून घ्या."

मी कागद शोधायला कपाट उघडलं, तर हाताला वडिलांच्या लग्नपत्रिकांचं पुडकं लागलं. त्यातल्या एकीची पाठ कोरी होती. मी पेन काढलं आणि वर लिहिलं : 'ओवी क्रमांक ४१'. घरात कुणी नव्हतं. दोनच ओळी लिहायच्या होत्या. मी बराच वेळ पेन धरून बसलो.

मग त्याच्याखाली लिहिलं : 'सातबारा. फेरफाराचा उतारा. वारस दाखला. सर्वांचे फोटो, प्रत्येकी दोन.'